कालची नवलाई, आजचें सुख

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सव समितीनें आम्हांस बोलावयास सांगितलें, आणि विषय दिला तो रोजच्या आयुष्यांतील लहान आनंदांचा व नव्या गोष्टी करून पाहण्याचा. तो ऐकून आम्हांस प्रथम हंसूंच आलें. साकी-विहार रस्ता जेथें अंधेरी-कुर्ला रस्त्यास येऊन मिळतो, तेथें भर दुपारीं पांच मिनिटें उभें राहून पाहावें. भोंगे, धूळ, मालमोटारी, एकमेकींच्या अंगावर चढूं पाहणाऱ्या रिक्षा! तेथून धडपणें घरीं पोहोंचणें हाच आम्हां साकीनाकेकरांचा आनंद. त्यावर आणखी काय बोलावें? तथापि नाहीं म्हणण्याची आमची प्राज्ञा नव्हती. आम्ही कोणी विद्वान नव्हों. ३२ वर्षें लेथ मशीनवर लोखंड कातण्यांत गेलीं. तेव्हां जें स्वतःच्या घरांत घडलें तेंच सांगूं; मधूनमधून कांहीं वाचलेलें येईल, तें आपण गोड मानून घ्यावें.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यांतले, श्रीरामपूर बाजूचे. (आतां त्या जिल्ह्यास अहिल्यानगर म्हणतात.) १९६९ सालीं, वयाच्या १९ व्या वर्षीं, आम्ही या मुंबईंत आलों. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि काळा मसाला यांच्या पलीकडे जगांत चव आहे हें आमच्या जिभेस ठाऊक नव्हतें. १९७६ सालीं लग्न झालें. मुलगी मरोळच्या गांवठाणांतली, ईस्ट इंडियन घरची. तिच्याबरोबर जें सामान आलें त्यांत बियरच्या काळपट बाटल्या पाहून आमच्या वडिलांचा चेहरा गंभीर झाला. परंतु बाटल्यांत मद्य नव्हतें, मसाला होता.

येथें बसलेल्या गांवठाणच्या भगिनींस बाटलीचा मसाला म्हणजे काय हें सांगणें नको. परंतु देशावरून आलेलीं आमच्यासारखीं कुटुंबेंहि सभेंत पुष्कळ आहेत, म्हणून दोन शब्द सांगतों. एप्रिल-मे महिन्यांत उन्हें तापलीं कीं मिरच्या अंगणांत वाळत पडत. मग मिरच्या, धणे, हळद, जिरें, मोहरी, तीळ, खसखस, मिरीं, दालचिनी, लवंग, नागकेशर, इतकेंच नव्हे तर गहू आणि चण्याची डाळसुद्धां निरनिराळीं भाजून, लांकडी उखळींत लांब मुसळांनीं कुटावयाचीं. दोघी-तिघी बाया एकाच उखळींत पाळीपाळीनें मुसळ टाकीत, आणि एकीचा ताल दुसरीस चुकत नसे. नाकाडोळ्यांस फडकें बांधलेलें असूनहि सारी आळी शिंकत असे. तयार मसाला बाटलींत दाबदाबून भरावयाचा, म्हणजे त्यास वारा लागत नाहीं आणि वर्षभर वास टिकतो. प्रमाण प्रत्येक घराचें निराळें, आणि तें शेजारणीस सांगावयाचें नाहीं असा संकेत.

त्या मसाल्याचें कालवण प्रथम पानांत आलें तेव्हां आम्हीं तोंड वांकडें केलें आणि म्हटलें, “आमच्याकडे असें नसतें.” नव्या सुनांना या तीन शब्दांनीं जितकें रडविलें आहे, तितकें दारिद्र्यानेंहि रडविलें नसेल! ती रडली नाहीं. एवढेंच म्हणाली, “तीन दिवस खाऊन पाहा, मग नको म्हणा.” तिसऱ्या दिवशीं आम्हीं दुसऱ्यांदा वाटी पुढें केली. ती हंसली, पण बोलली कांहीं नाहीं. हा तिचा मोठेपणा.

पुढें पुष्कळ वर्षांनीं वाचनांत आलें कीं, ज्या ठेच्याचा आम्हांस एवढा अभिमान त्यांतील मिरचीच मुळीं आमची नव्हे. तिचें माहेर अमेरिका खंड. १६ व्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती या किनाऱ्यास उतरली. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळीं महाराष्ट्राच्या चुलीवर तिखटपणा होता तो मिऱ्यांचा, पिंपळीचा आणि आल्याचा. बटाटा, पेरू, पपई, अननस, काजू हीं सर्व त्याच वाटेनें आलेलीं पाहुणीं. बटाटा, काजू, अननस आणि पाव हे शब्दहि पोर्तुगीजांचेच. एके काळीं पाव खाल्ला म्हणून माणूस बाटला असें समजत. आणि आज? १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाजवळ वडापावाची पहिली गाडी लागली असें म्हणतात. त्या वडापावांतील बटाटा समुद्रापलीकडचा, मिरची समुद्रापलीकडची, पावाची रीति समुद्रापलीकडची. बेसन तेवढें घरचें. तरीहि अस्सल मराठी खाणें कोणतें असें विचारल्यास निम्मी मुंबई वडापावाचें नांव घेईल.

आम्हांस राहून राहून त्या अनाम बाईचें नवल वाटतें, जिनें या किनाऱ्यावर ती लाल शेंग पहिल्यानें आपल्या कालवणांत घातली. घरांतलीं माणसें ओरडलीं असतील. सासूनें भांडें परत पाठविलें असेल. ‘आमच्याकडे असें नसतें’ हें वाक्य त्या दिवशींहि उच्चारलें गेलें असेल. तिनें तो धीर केला नसता तर आपल्या आज्यांच्या हातची म्हणून आपण जी चव आठवतों, ती मुळीं असतीच ना.

असाच धीर करणारा एक पुरुषहि होऊन गेला. आपल्या शेजारच्या कोंडिविट्यास १५७९ सालीं पोर्तुगीज जेझुइटांनीं देऊळ बांधिलें. १८४० च्या सुमारास सांथीमुळें गांव सोडून लोक मरोळास गेले आणि तेथें त्यांनीं नवें देऊळ उभारलें. जुन्याच्या भिंती आज सीप्झच्या आवारांत उभ्या आहेत, आणि वर्षांतून एकदां मे महिन्यांत तेथें मिस्सा होतो. योगायोग असा कीं, त्याच १५७९ सालीं फादर थॉमस स्टीफन्स नांवाचा इंग्रज गोव्यास उतरला. तो तेव्हां तिशीच्या आसपासचा. त्या वयांत पाटी-पेन्सिल हातीं धरून त्यानें येथील भाषा शिकावयास आरंभ केला, आणि १६१६ सालीं त्याचें दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालें. आरंभीं त्याच्या तोंडचे चुकीचे शब्द ऐकून राशोलचीं मुलें खदखदां हंसलीं असतील असें आमच्या मनांत येतें. मोठ्या माणसास नवें शिकतांना हें हंसें सोसावेंच लागतें. पुस्तकाच्या कीर्तीपेक्षां आम्हांस त्याचें हें सोसणें अधिक जवळचें वाटतें. कां तें पुढें येईल.

आतां घरची गोष्ट. आमची पत्नी हौशी होती आणि आम्ही हिशेबी. तिला लहान लहान इच्छा फार. रविवारीं मिस्सा झाल्यावर परस्पर पवईच्या तळ्याकाठीं जाऊन बसावें. नव्या फळाची एखादी फोड खाऊन पाहावी. नाताळांत कलकल्यांबरोबर कांहींतरी नवा प्रकार करावा. आमचें उत्तर ठरलेलें: “पुढें पाहूं.” आधीं खोलीचें कर्ज फिटूं द्या, मग मुलीचें शिक्षण, मग तिचें लग्न. २००१ सालीं कारखान्यास टाळें लागलें. त्याचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं. आपल्या या रस्त्यावर अशीं टाळीं पुष्कळ लागलीं. आमचे ५१ व्या वर्षीं हात रिकामे झाले. एका वखारीवर रात्रीचा पहारेकरी म्हणून लागलों, आणि ‘पुढें’ आणखी पुढें गेलें.

२६ जुलै २००५ हा दिवस येथील कोणासहि विसरतां येणार नाहीं. सांताक्रूझच्या वेधशाळेंत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. विहार आणि पवई तलावांचें ओसंडलेलें पाणी घेऊन निघणारी मिठी नदी घरांघरांत शिरली. साकीनाक्यास दरड कोसळून कुटुंबेंच्या कुटुंबें गाडलीं गेलीं. त्यांच्या आठवणीनें आजहि पावसाची पहिली मोठी सर आली कीं छाती धडधडते. आम्ही छातीइतक्या पाण्यांतून वाट काढीत घरीं पोहोंचलों, तों खालच्या मजल्यावरचीं सारीं माणसें वरच्या शेजाऱ्यांच्या खोलींत दाटीनें बसलेलीं. शेजारीण मुसलमान होती. तिनें स्टोव्हवर एका पातेल्यांत बिनदुधाचा चहा केला. माणसें १४ आणि पेले ५. एकानें पिऊन, विसळून पेला दुसऱ्याच्या हातीं द्यावयाचा. तो चहा पितांना कोणाच्याहि तोंडीं शब्द नव्हता. परंतु पेला दोन्ही हातांत धरून प्रत्येक जण किंचित् अधिक वेळ बसत होता, हें आम्हीं पाहिलें. त्या रात्रीं ती म्हणाली, “पाणी ओसरलें कीं एक दिवस पवईला जाऊं या. नुसतें बसूं, आणि परत येऊं.” आम्हीं हो म्हटलें.

गेलों नाहीं. पवई येथून रिक्षानें किती दूर तें आपण सर्व जाणतां. २००८ च्या पावसाळ्यांत ती गेली. दुखण्याचें वर्णन येथें करीत नाहीं.

फळीवर तिनें त्या उन्हाळ्यांत भरलेल्या सहा बाटल्या होत्या. पांच नातेवाइकांस दिल्या, एक ठेवली. आम्हांस स्वयंपाक येत नव्हता, आणि येत असता तरी ती बाटली उघडण्याचा धीर झाला नसता. दर रविवारीं ती खालीं काढावी, पुसावी, परत ठेवावी. असे चार महिने गेले. एके दिवशीं मुलगी आली; तिनें हें पाहिलें आणि म्हणाली, “बाबा, वास आहे तोंवरच तो मसाला. आईनें ही बाटली पुसण्यासाठीं भरली नव्हती.” आम्हांस संताप आला. दोन दिवस तिच्याशीं बोललों नाहीं. तिसऱ्या दिवशीं बाजारांतून चार बांगडे आणले आणि बूच काढलें. वास खोलीभर झाला. आम्ही तसेच शेगडीजवळ बसून राहिलों, आणि त्या दिवशीं बांगडे मांजरानें खाल्ले.

दुसऱ्या दिवशीं पुन्हां आणले. कालवण केलें तें असें कीं, मासा पळीनें ढवळून ढवळून त्याचा लगदा झाला, आणि मीठ घालावयाचें राहिलें. मासे देणाऱ्या कोळणीस सांगितलें तेव्हां ती पोट धरधरून हंसली. “भाऊ, मासा सोडल्यावर पळी घालू नका. भांडंच धरून हलकं फिरवायचं.” ५८ व्या वर्षीं आम्हीं हा पहिला धडा घेतला. त्या वेळीं फादर स्टीफन्स यांची आठवण झाली असें म्हणणें शोभून दिसेल; पण खरें सांगावयाचें तर त्यांच्याविषयीं आम्हीं नंतर वाचलें. चौथ्या रविवारीं कालवण खाण्याजोगें झालें, आणि आम्हीं वाटीभर वर नेऊन त्या शेजारणीस दिलें. बाटली संपली ती फेब्रुवारींत. संपली तेव्हां आम्हांस वाटलें होतें तितकें दुःख झालें नाहीं. एप्रिलांत मरोळास मेव्हणीकडे गेलों आणि म्हटलें, मला मसाला करावयास शिकवा. बायांमध्यें एक पुरुष मिरच्या भाजावयास बसलेला पाहून गांवठाणांतलीं मुलें पाहावयास जमलीं होतीं.

पवईसहि जाऊन आलों. १८९१ सालीं बांधलेलें हें तळें. पाणी पिण्याच्या कामाचें निघालें नाहीं, तरी मगरींस तें मानवलें आहे. आम्हीं पाहिला तो एक पाणकावळा, पंख पसरून उन्हांत वाळवीत बसलेला. बाकावर दोघांस पुरेल इतकी जागा होती.

येथें कोणी म्हणेल, पोट भरलेल्या माणसाचें हें बोलणें आहे. त्याचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. महिन्याचें भाडें डोक्यावर असलेल्यास ‘चहाच्या पेल्यांत सुख मानून घे’ असें सांगणें हें क्रौर्य आहे. आणि जो मालक वेळेवर मजुरी देत नाहीं त्यानें तर आनंदावर व्याख्यान देऊंच नये. लहान सुख हा पगार नव्हे, आणि औषधहि नव्हे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, आम्हांस तळ्याकाठीं जाण्यास कर्जानें अडविलें नव्हतें. रिक्षाचे पैसे होते. रविवार मोकळा होता.

८ जून २०१४ रोजीं वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हांहि जुनी खोड गेली नव्हती. “आम्हांस कोठें जावयाचें आहे?” असें म्हणत कित्येक महिने काढले. शेवटीं नात हात धरून घेऊन गेली. गाडी वर चढली आणि ४५ वर्षें ज्या रस्त्यावरून चाललों तो प्रथमच वरून पाहिला. पत्र्यांवर टाकलेलीं निळीं प्लास्टिकें, त्यांवर ठेवलेल्या विटा, गच्चीवर वाळत घातलेले पापड. पुढें २०१७ सालीं असल्फ्याच्या टेकडीवरील घरें स्वयंसेवकांनीं पिवळ्या, निळ्या, गुलाबी रंगांनीं रंगविलीं. रंगानें गळकें छप्पर थांबत नाहीं, हें तेथें राहणाऱ्यांस कोणी शिकवावयास नको. तरी गाडी असल्फ्याजवळ आली कीं माना वर होतात, आमचीहि होते. नात विचारते, “आजोबा, यांतलें तुमचें घर कोणतें असतें तर आवडलें असतें?” आमचें उत्तर दर वेळीं निराळें असतें.

समितीनें दिलेलीं वीस मिनिटें संपलीं, असें मागून खुणावीत आहेत. चहाच्या मेजापाशीं या उन्हाळ्यांतल्या मसाल्याच्या सात बाटल्या ठेविल्या आहेत; त्यांची किंमत महोत्सवनिधीस जावयाची आहे. मिरच्या यंदां जरा जास्त भाजल्या गेल्या आणि प्रमाणांत आमचा हात सढळ पडला, तेव्हां नेणाऱ्यांनीं पहिल्या दिवशीं अर्धाच चमचा घालून पाहावा. आणि ज्यांच्याकडे ‘असें नसतें’, त्यांनीं तीन दिवस थांबावें.