न झालेल्या नेमणुकांविषयी



 परिषदेच्या स्वागताध्यक्षाने गावाची, म्हणजे इथे कृष्णाकाठच्या वाईची, थोरवी गायची असते. घाट आणि ढोल्या गणपती आपण सकाळीच पाहून आला असाल, तेव्हा ते सोडतो. पण परिषद प्राध्यापकांच्या निवडीवर आणि विचारस्वातंत्र्यावर असताना तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना ओलांडून पुढे जाता येत नाही. हा माणूस प्राज्ञपाठशाळेत घडला. १९६० साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने साहित्य संस्कृती मंडळ त्यांच्या हाती सोपवले आणि पुढे मराठी विश्वकोशाचे काम याच गावात उभे राहिले. शास्त्रीबुवांनी आज प्राध्यापकपदासाठी अर्ज केला असता, तर छाननीच्या पहिल्याच टेबलावर तो बाद झाला असता. पात्रता परीक्षा कुठली? नेट नाही, सेट नाही! नियम मोडावेत असे मी म्हणत नाही. नियमांकडे पुढे येतोच.

मी गणिताचा मास्तर. म्हणून दोन गणितवाल्यांची हकिगत सांगतो.

पहिले रघुनाथ धोंडो कर्वे. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्या विषयावर उघड बोलू लागले. कॉलेज मिशनचे. चालकांना ते मानवले नाही, आणि १९२५ साली कर्व्यांना नोकरी सोडावी लागली. तक्रार त्यांच्या गणिताबद्दल नव्हती. पुढे १९२७ पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ पदराला खार लावून चालवले. १९३४ मध्ये या मासिकावर खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर.

दुसरे बर्ट्रांड रसेल. १९४० च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजसाठी त्यांची नेमणूक झाली. शिकवायचे होते तर्कशास्त्र आणि गणिताचा पाया. पण लग्न आणि नीती यांवरची त्यांची मते न्यूयॉर्कचे बिशप मॅनिंग यांना खुपली. त्यांनी वर्तमानपत्रांतून आवाज उठवला. मग एका बाईंनी कोर्टात दावा लावला, की माझ्या मुलीवर वाईट परिणाम होईल. ती मुलगी त्या कॉलेजात शिकत नव्हती, आणि रसेल जिथे शिकवणार त्या विभागात तेव्हा मुलींना प्रवेशही नव्हता. तरी न्यायमूर्ती मॅकगीहान यांनी मार्चअखेर नेमणूक रद्द केली. कारणे तीन : रसेल अमेरिकेचे नागरिक नाहीत, त्यांनी स्पर्धा परीक्षा दिलेली नाही, आणि त्यांची शिकवण अनीतीची आहे. पहिली दोन कारणे ऐकून हसू येते. पण आपल्याकडच्या फायलींवर अशीच कारणे असतात, खरे कारण तिसऱ्या ओळीत असते किंवा मुळीच लिहिलेले नसते. नियुक्ती करणाऱ्या मंडळाला अपील करायचे होते. शहराच्या सरकारी वकिलाने नकार दिला. महापौर ला गार्डिया यांनी तर अंदाजपत्रकातून त्या जागेचे पैसेच काढून टाकले. पुरोगामी म्हणून ख्याती असलेला महापौर, पण निवडणुकीचा हिशेब कुणाला चुकत नाही. दहा वर्षांनी रसेलना साहित्याचे नोबेल मिळाले.

या दोघांची नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण दोघेही आधी नेमले गेले होते. काढले की ओरड होते, खटला होतो, पुस्तके निघतात. घेतलेच नाही तर काय होणार? एका उमेदवाराच्या घरी पत्र येत नाही, इतकेच. दबाव आणणाऱ्याला हे चांगले कळते. म्हणून तो आताशा वर्गात शिरत नाही, मुलाखतीच्या आदल्या रात्री फोन करतो.

फोन कुणाला करायचा हेही सोपे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे शैक्षणिक गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते. निवड मुलाखतीतल्या कामगिरीवरच. महाविद्यालयात निवड समितीच्या अध्यक्षस्थानी संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांनी पाठवलेली व्यक्ती. विषयतज्ज्ञ दुपारी येतात, प्रश्न विचारतात, चहा घेतात, सह्या करतात. मीही अशा खोल्यांत तज्ज्ञ म्हणून बसलेलो आहे. ‘आपला मुलगा आहे’ हे वाक्य तिथे कोणी मोठ्याने बोलत नाही. गरजच पडत नाही.

म्हणून ‘बाहेरचा दबाव’ या शब्दांशी माझे थोडे भांडण आहे. आरक्षणाची बिंदुनामावली बाहेरूनच आली, नेट-सेटही बाहेरूनच आली, आणि त्यांच्यामुळे कित्येकांना दार उघडले. ‘स्वायत्तता’ म्हणत ज्यांनी ती टाळायचा प्रयत्न केला ते आतलेच होते. मंत्र्याच्या फोनाइतकाच संस्थाचालकाच्या भाच्याचा अर्जही आपल्या चर्चेत यायला हवा.

अशा दबावाला संघटनेने उत्तर देता येते, याचे टोरांटो विद्यापीठाचे उदाहरण अलीकडचे आहे. २०२० साली तिथल्या विधी शाखेत मानवी हक्क कार्यक्रमाच्या संचालकपदासाठी एका विदुषीची निवड जवळपास पक्की झाली होती. इस्रायलव्याप्त पॅलेस्टाइनबद्दल त्यांचे लेखन होते. विद्यापीठाचे देणगीदार असलेल्या एका न्यायाधीशांनी त्या नेमणुकीबद्दल चिंता कळवली आणि नेमणूक थांबली. विद्यापीठाने व्हिसाचे, तारखांचे कारण दिले; विद्यापीठानेच नेमलेल्या चौकशीत दबाव सिद्ध झाला नाही. पण कॅनडातल्या प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ च्या एप्रिलमध्ये विद्यापीठावर निषेधाचा ठराव केला : तिथे नोकरी घेऊ नका, व्याख्यानाला जाऊ नका. पाच महिन्यांत विद्यापीठाने ती जागा त्याच विदुषींना पुन्हा देऊ केली. त्यांनी नाकारली, हा भाग वेगळा.

आपल्या प्राध्यापक संघटनाही दुबळ्या नाहीत. २०१३ साली वेतनाच्या थकबाकीसाठी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकून त्यांनी सरकारला बोलणी करायला लावली. पगारासाठी एवढी ताकद आणि निवडीसाठी पत्रकही नाही, हे मला खटकते. पाहुण्यांसमोर यजमानाने असे बोलू नये, पण बोललो.

स्वागत समितीने एक मसुदा ठराव समितीकडे दिला आहे. प्रत्येक उमेदवाराबद्दलचा निर्णय कारणांसह लिहावा, विषयतज्ज्ञाचे मतभेद त्याच कागदावर नोंदवावेत आणि मागेल त्या उमेदवाराला प्रत मिळावी, एवढेच त्यात आहे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या मित्रांचे सत्र आम्ही उद्याऐवजी आजच दुपारी ठेवले आहे. त्यांना उद्या तास आहेत, आणि तास बुडाला की पैसे बुडतात. त्या सत्राला सभागृह भरलेले असावे. जेवण मागच्या मंडपात साडेबाराला. वांग्याचे भरीत तिखट आहे, ज्यांना सोसत नाही त्यांनी स्वयंसेवकांना सांगावे.