डोंगळ्यावरची मधमाशी

माघाच्या सुमारास नाशिक जिल्ह्यात निफाड-येवल्याच्या बाजूने जाणाऱ्यास काही शेतांत पांढऱ्या गोंड्यांचे उंच दांडे उभे दिसतात. हेच कांद्याचे डोंगळे. पुढील पिकाचे बी, म्हणजे उळे, यांपासूनच मिळते.

कांद्याच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. तथापि पराग आधी गळून जातात आणि स्त्रीकेसराचे टोक दोन-तीन दिवसांनी ते घेण्यास योग्य होते. म्हणून दुसऱ्या फुलाचा पराग आणून देणारा कोणी लागतो. हे काम मुख्यतः मधमाशी करते. त्याच जिल्ह्यातील द्राक्षवेलीस तिची फारशी गरज नसते. डोंगळ्याचे मात्र तिच्यावाचून अडते. फुलकिडे मारण्यासाठी ऐन फुलोऱ्यात, भर दिवसा विषारी औषध फवारले, तर माशीही मरते. मग गोंडे भरदार दिसले तरी चोळून पाहता हाती फोलच येते.

परंतु ही माशी जातिभेद जाणत नाही. लाल कांद्याचा पराग ती शेजारच्या पांढऱ्या कांद्यावर नेते आणि बियाण्यात भेसळ होते. म्हणूनच पायाभूत बियाण्याच्या शेतापासून 1000 मीटरपर्यंत दुसऱ्या जातीचे डोंगळे नसावेत, असा दंडक आहे. लहान शेतकऱ्याजवळ एवढी जमीन कोठून असणार? तेव्हा शेजाऱ्यांनी एकविचाराने एका शिवारात एकच जात लावावी आणि फवारणी फुलोऱ्यापूर्वीच उरकावी. उळ्याचे उत्पन्न माशीच्या हाती आहे, त्याची शुद्धता शेजाऱ्याच्या.