दंडारीतून वनहक्क
(वाशिम जिल्ह्यातल्या युवक मेळाव्यातलं भाषण)



सभेत बोला म्हटलं की आम्हा पोरापोरींची जीभ अडते. दंडारीत उभं केलं की तीच जीभ सुटते. म्हणून २००६ चा वनहक्क कायदा आम्ही दंडारीतूनच सांगणार.

१३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसता, तर हक्क मागा. ‘पुरावा काय?’ असं विचारतात. नियम १३ वाचा. बांध, विहीर, दफनभूमी, देवाची जागा, हा पुरावा. म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब, हाही पुरावा. एकावर थांबू नका, दोन तरी जोडा.

पोरांनो, भिंतीवर चुन्या-गेरूनं शिवाराचं चित्र काढा. आजीले विचारा, ही विहीर कोणी खोदली? ती सांगेल ते लिहून घ्या, अंगठा घ्या. मग चित्र कागदावर उतरवून वन हक्क समितीपुढे ठेवा. जागेवर येऊन पाहणं समितीचं कामच आहे.

सोंगात साहेब आणा, लोकांना हसवा. पण ग्रामसभेला निम्मी माणसं लागतात, अन् हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया, हे गाण्यात येऊ द्या. माणसं कमी पडली तर ठराव टिकत नाही.

येत्या ग्रामसभेत आधी दंडार, मग दावे. जोहार!