पडवीतली येझदी

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात एका सहयोगिनीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला ‘साधनांवर बायकांचा हक्क’ या विषयावर बोलायला सांगितलंय. जमीन, घर, विहीर यांवर बोलणाऱ्या माझ्यापेक्षा जाणत्या इथं बसल्या आहेत. मी एका मोटारसायकलीवर बोलणार आहे. हसू नका, तीही मालमत्ताच आहे.

माझ्याकडं चौदा गावं आहेत. एस.टी. दिवसातून दोनदा, तीही आली तर. गटाची बैठक बायका रानातून आल्यावर, म्हणजे रात्री आठला. परतीची गाडी संध्याकाळी सहाला. मग कुणाच्या तरी पाठीमागं बसून यायचं, नाहीतर मुक्काम करायचा. दोन्हीबद्दल गाव बोलतं. आणि आमच्या पडवीत, कडब्याच्या पेंढ्यांमागं, मालकांची येझदी अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती.

गाडी १९८७ सालची. मालक २०१२ साली आजारानं गेले. ते असताना मी त्या गाडीवर मागंच बसले, तेही एका बाजूला पाय सोडून. किल्लीला हात लावलेला त्यांना चालत नसे. निंदा म्हणून सांगत नाही. तेव्हा मलाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

२०२३ च्या उन्हाळ्यात दीर भंगारवाल्याला घेऊन आले. म्हणाले, “जागा अडलीय वहिनी. पाच हजार देतोय.” माझ्या तोंडून निघून गेलं, “विकायची नाही. मी चालवणार आहे.” खरं सांगते, तोवर असं काही ठरवलेलं नव्हतं. पण बोलून गेले आणि मागं घेता येईना.

तालुक्याला जुन्या गाड्यांचं काम करणारे एक मेस्त्री आहेत. त्यांना म्हटलं, मजुरी पुरी घ्या, पण काम चालू असताना मला शेजारी बसू द्या. ते तयार झाले. जे शिकले ते सांगते. तुमच्याही घरात अशी एखादी गाडी असेल.

पहिला धडा, जोरात किक मारायची नाही. आत सिलिंडरला गंज धरलेला असतो. पिस्टन ओढला गेला तर ओरखडे पडतात आणि खर्च वाढतो. आम्ही प्लग काढून त्या भोकातून थोडं तेल सोडलं, दोन दिवस थांबलो आणि मग हातानं हळूहळू किक दाबली. तिसऱ्या दिवशी इंजिन हललं.

टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झाला होता. टाकी उतरवली, आत मूठभर नट आणि थोडं डिझेल घालून मी अर्धा दिवस खुळखुळवत बसले. तांबडं पाणी निघावं तसा गंज निघाला. कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांतही तोच डिंक. तिथं तार घालायची नाही, भोक मोठं होतं. पेट्रोलनं धुवायचं आणि हवा मारायची. येझदीला बॅटरी चांगली नसेल तर ठिणगीच पडत नाही, म्हणून बॅटरी नवी घेतली. पॉइंट घासले. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या सोडवल्या. टायर वरून बरे दिसत होते, पण वाकवून पाहिले तर भेगा. तेही बदलले.

मोठा खर्च निघाला तो रबरी सीलांचा. गाडी उभी राहिली की क्रँकची सीलं कडक होतात. मग टू-स्ट्रोक इंजिन बाहेरची हवा ओढतं, गिअरचं तेल ओढतं आणि पांढरा धूर सोडतं. त्यासाठी सगळं इंजिन खोलावं लागतं. मेस्त्री म्हणाले, “हे टाळलं तर महिनाभर चालेल, मग पुन्हा माझ्याकडंच येईल.” सगळे मिळून साडेअठरा हजार झाले.

मी माझ्याच गटाकडं कर्ज मागितलं. गटात वाद झाला. शेळीला देतो, शिलाई मशीनला देतो, पुरुषाच्या गाडीला कसं द्यायचं? एक आजी कोपऱ्यातून म्हणाल्या, “अगं, पण गाडी हाय कुणाच्या नावावर?”

मी गप्प. सोळा वर्षं बायकांना सातबाऱ्यावर नाव लावा म्हणून सांगणारी मी. माझ्या घरातली गाडी अकरा वर्षं मेलेल्या माणसाच्या नावावर होती.

मालक गेल्यावर वारसानं ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं आणि ३ महिन्यांत नमुना ३१ भरून नाव बदलून घ्यायचं असतं. मी यातलं काहीच केलं नव्हतं. शिवाय नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं दर ५ वर्षांनी नमुना २५ भरून नूतनीकरण. आमची २०१७ सालीच संपलेली. उशिराचा दंड, पर्यावरण कर, विमा, पीयूसी असं सगळं उभं राहिलं. खिडकीवरचे साहेब म्हणाले, “घरातल्या पुरुषाला पाठवा.” मी म्हटलं, “घरातल्या पुरुषाचाच मृत्यूचा दाखला आणलाय.”

वारस कोण, तेही शोधलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं पत्नी, मुलं आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. ते असताना भावाचा हक्क नाही. दिरांना हे सांगायला मी अगदी तयार होते. पण कायद्यात ‘आई’ लिहिलेली होती. म्हणजे माझी मुलगी, मी आणि सासूबाई, तिघींचा सारखा वाटा. मी सासूबाईंना विचारलंसुद्धा नव्हतं! दिरांसाठी केलेल्या अभ्यासानं मलाच त्यांच्यापुढं बसवलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आंगठा देते. पण दवाखान्यात मला तूच न्यायचं, धाकट्याची वाट बघायला लावायची नाही.” त्यांची संमती आणि प्रतिज्ञापत्र लागलं, गाडी माझ्या नावावर झाली आणि गटानं कर्ज दिलं.

माझं लायसन बिनगिअरच्या गाडीचं होतं. ते या गाडीला चालत नाही. तुम्ही काढाल तेव्हा गिअरवालीचंच काढा. शिकाऊ लायसन काढून महिनाभर मुलीनं आणि मी शाळेच्या मैदानावर सराव केला. येझदीला किक आणि गिअरचा दांडा एकच असतो. आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. दोनदा पडले. बघायला पोरं जमायची. पंधरा दिवसांनी कंटाळून गेली.

आता एवढंच सांगते. आज पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते ओल धरतं, जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून टाकीत पडू देऊ नका, गाडी चालती ठेवा. टू-स्ट्रोकला पेट्रोलातच तेल घालावं लागतं, ते विसरू नका. हेल्मेट घाला.

आणि घरी गेल्यावर एक काम करा. दारातली गाडी कुणाच्या नावावर आहे, नोंदणी कधी संपते, ते पुस्तक किंवा कार्ड काढून वाचा. २०२१ पासून नोंदणीत नामनिर्देशन करता येतं. नवरा हयात असतानाच तुमचं नाव घालून घ्या. त्यात अशुभ काही नाही.

माझं कर्ज अजून चार हप्ते बाकी आहे. काल रात्री बैठक साडेनऊला सुटली. सव्वादहाला मी घरी होते. सासूबाईंनी आवाज ओळखून दार उघडलं.