पुन्हा रिकिबीत पाय



रूळ दुरुस्त झाले म्हणून आम्ही रेल्वेवाले गाडी लगेच पूर्ण वेगाने सोडत नाही. कॉशन ऑर्डर देतो. आधी ताशी २० किलोमीटर, मग टप्प्याटप्प्याने वाढ.

यंदा माझी मुलगी घोडेस्वारीच्या दुसऱ्याच धड्यात पडली. हाड शाबूत, पण भीती बसली. आई म्हणे सोडून दे, आजोबा म्हणत आजच चढव. आम्ही कॉशन ऑर्डर काढली. शांत, वयस्क घोडी मागितली. सुरुवातीला नुसता खरारा आणि चारा. मग उस्तादांच्या लांब दोरीवर साधी चाल. नजर समोर, टाचा खाली, श्वास मोकळा. स्वाराचे अंग आखडले की घोडाही बिचकतो. दुडकी चाल तिने स्वतः मागितली, तेव्हाच दिली.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय लुळे. घोड्यावर चढायला मदत लागे. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजचे रौप्यपदक मिळवले.

पालकांनो, पडलेल्या मुलाला ढकलू नका, घरीही बसवू नका. वेग त्यालाच ठरवू द्या.