शिट्टी येते कुठून?

श्रोतेहो, स्वस्त श्रवणयंत्र पारखायचं कसं, असा विषय मला दिलाय. आपण काय करतो? यंत्र कानाला लावतो, 'हॅलो, हॅलो' म्हणवून घेतो आणि मोठ्यानं ऐकू आलं की पैसे मोजतो. अहो, आवाज मोठा करणं आता स्वस्तातही जमतं. तुम्ही साचा बघा. यंत्राचा आवाज कानात नेणारा, कानाच्या मापाचा साचा.

कुकरची रिंग सैल झाली की वाफ बाजूनं जाते, डाळ बोटचेपी होत नाही. इथंही तेच. आवाज फटीतून बाहेर येतो, पुन्हा माइकात शिरतो, पुन्हा मोठा होतो आणि यंत्र शिट्टी मारतं. कुकरची शिट्टी म्हणजे काम होतंय, यंत्राची म्हणजे फट आहे. गंमत अशी की ज्याच्या कानात ती वाजते त्याला कधीकधी ऐकूच येत नाही. शेजारच्याला येते!

माझ्या आत्याला शिबिरात यंत्र मिळालं. सोबत तीन तयार रबरी टोप्या: लहान, मध्यम, मोठी. कीर्तनात शिट्टी वाजली, पुढच्या बाईनं वळून पाहिलं. आत्यानं आवाज उतरवला. शिट्टी गेली, बुवाही गेले! महिन्याभरात यंत्र फडताळात, सुपारीच्या डब्यामागे. मग साचा करवला. कानात आधी दोरा बांधलेला बोळा, मग पिचकारीनं सिलिकॉनचा लगदा. काही मिनिटांत ठसा तयार. त्यावरून साचा बनला. यंत्र तेच, फक्त रिंग बदलली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार ४३ कोटींहून जास्त लोकांना श्रवणाचे उपचार, साधनं लागतात. त्यातले सुमारे ऐंशी टक्के आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, जिथं आधी किंमत बघावी लागते. म्हणून किंमत विचाराल तेव्हा साच्यासकट विचारा. पुन्हा सांगतो, साच्यासकट. आणि लहान मुलांचे कान वाढतात हो, त्यांना तो दर काही महिन्यांनी नवा लागतो. शिबिरात किती यंत्रं वाटली ते फलकावर लिहितात. सहा महिन्यांनी त्यातली कानात किती, फडताळात किती, हे कुणी मोजायचं?

यंत्रातल्या सेलचं राहिलंच. त्याचा स्टिकर काढला की हवा आत जाते आणि यंत्र बंद असलं तरी तो खर्ची पडू लागतो, म्हणून आधीच सगळे स्टिकर... स्टुडिओच्या काचेपलीकडून ताई हात दाखवताहेत, वेळ संपली. बरं, रिंग तेवढी विसरू नका. साचा म्हणतोय मी, साचा.