विजेच्या वाद्याचा गळा

तंबोरा जुळवितांना घोडीवर, तारेच्या खालीं, सुताचा एक बारीक धागा सरकवितात. तो योग्य जागीं बसला कीं तार मोकळी कांपत नाहीं. घोडीच्या उतरत्या पाठीला घासत कांपते, आणि त्या घासण्यांतूनच एरव्हीं मुके राहणारे उपस्वर जागे होतात. जवारी म्हणून ज्या गुणाची वाखाणणी होते, तो यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें तारेच्या स्वच्छ कंपनांतील अडथळाच होय. विजेच्या वाद्यांच्या इतिहासांतहि अशाच एका अडथळ्याला मोठा मान मिळाला आहे.

सिंथेसायझर हें वाद्य ध्वनि दोन टप्प्यांनीं घडवितें. प्रथम एक विद्युन्मंडल उपस्वरांनीं गच्च भरलेला, कांहींसा कर्कश ध्वनि उत्पन्न करतें. मग फिल्टर, म्हणजे एक प्रकारची गाळणी, त्यांतील नको तितके वरचे स्वर काढून टाकते. कंठांतून निघालेल्या नादाला तोंडाची पोकळी 'आ' किंवा 'ऊ' यांचें रूप देते, तेंच काम येथें फिल्टरचें. म्हणून वाद्याचा गळा ओळखावयाचा तो फिल्टरवरूनच.

या गळ्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध गळा रॉबर्ट मूग या अमेरिकन अभियंत्यांनीं घडविला. न्यूयॉर्क संस्थानांतील ट्रूमन्सबर्ग या लहानशा गांवीं त्यांचा कारखाना होता. १९६४ सालीं त्यांच्या वाद्याचा पहिला नमुना तयार झाला. १९६८ च्या 'स्विच्ड-ऑन बाख' या ध्वनिमुद्रिकेनें त्यांचें नांव दूरवर नेलें. फिल्टरचें पेटंट १९६९ सालीं मिळालें, आणि १९७० सालीं निघालेल्या मिनीमूग या वाद्यांत तोच फिल्टर बसविला गेला.

या फिल्टरची रचना शिडीसारखी आहे. ट्रान्झिस्टरांच्या जोड्या एकीवर एक रचलेल्या आणि प्रत्येक जोडीच्या मधोमध एक कपॅसिटर, अशा तिच्या चार पायऱ्या. ठरविलेल्या मर्यादेच्या बऱ्याच वर गेल्यावर प्रत्येक पायरी दर सप्तकाला ध्वनीचा विस्तार निम्मा करते. चारहि मिळून तो एक-सोळांश उरतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. शिडीच्या माथ्यावरून निघालेला ध्वनि उलटा करून पुन्हां पायथ्याशीं सोडतां येतो. नेमक्या मर्यादेवरील स्वराचें आंदोलन प्रत्येक पायरीवर एक-अष्टमांश फेरा मागें पडतें. चार पायऱ्यांत अर्धा फेरा होतो, म्हणजे तें आपोआप उलटें झालेलें असतें. तें पुन्हां उलटें केलें कीं मूळ आंदोलनाशीं जुळतें आणि तो स्वर फुगतो. चार पायऱ्या चढतांना त्याचा विस्तार चतुर्थांशावर येतो. म्हणून परत सोडलेला ध्वनि चौपट केला कीं बाहेरून कांहींहि न देतां फिल्टर स्वतःच शीळ घालूं लागतो. खर्जाचे स्वर मात्र पायऱ्यांवर फारसे मागें पडत नाहींत. उलटा ध्वनि त्यांना विरोध करतो व ते जवळजवळ एक-पंचमांशावर येतात. शीळ वाढली कीं खर्ज ओसरतो, ही मूगच्या फिल्टरची ओळख येथून आली.

तरीहि एवढ्यानें तो गोडवा उलगडत नाहीं. कारण हा सर्व हिशेब कागदावरचा आहे. प्रत्यक्षांत ट्रान्झिस्टरांची जोडी थोड्या मिलिव्होल्टांपर्यंतच इमानानें वागते. ध्वनि त्याहून मोठा झाला कीं लहरींचे माथे दबून वाटोळे होतात. मूळ लहरींत नसलेले उपस्वर जन्मास येतात. परंतु लगेच पुढची पायरी त्यांतील तीक्ष्ण भाग गाळते आणि स्वतःहि थोडें दाबते. दाबणें आणि गाळणें असें पायरीपायरीला घडत जातें. त्यामुळें फुगलेला स्वर किंचाळत नाहीं, भरदार होतो. जोर वाढविला कीं आवाज केवळ मोठा न होतां त्याचा रंग बदलतो. हीच या शिडीची जवारी.

जुन्या वाद्यांना आज मोठी किंमत पडते, आणि हा गुण वयाबरोबर येतो अशी पुष्कळांची समजूत आहे. वयाचा वांटा वास्तविक लहान आहे. तापमानाबरोबर ट्रान्झिस्टरांचें वागणें बदलतें, कपॅसिटरांचीं मूल्यें छापल्याइतकीं नेमकीं नसतात. म्हणून एकाच कारखान्यांतील दोन वाद्यें अगदीं सारखीं वाजत नाहींत. पण गळा घडतो तो शिडींत.

गणकयंत्रावर तिची नक्कल करणारांनाहि हेंच आढळलें. परत सोडलेला ध्वनि साध्या गणितांत एका गणनेइतका उशिरां पोंचतो आणि तेवढ्यानें सारा मेळ बिघडतो, हें स्टॅनफर्ड येथील टिम स्टिल्सन व ज्यूलियस स्मिथ यांनीं १९९६ सालीं तपासलें. पुढें या उशिराचा बंदोबस्त झाला, प्रत्येक पायरीवरील दबणेंहि गणितांत घेतलें गेलें, तेव्हां नकला मुळाच्या पुष्कळ जवळ आल्या.

पेटंटची १७ वर्षांची मुदत १९८६ सालीं संपली. ती शिडी आतां कोणीहि बांधूं शकतो. ज्या तरुण वादकाला जुनें वाद्य परवडत नाहीं, त्यानें हळहळण्याचें कारण नाहीं. त्याला हवा असलेला आवाज जुनेपणांत नसून चार पायऱ्यांच्या मर्यादांत आहे, आणि त्या मर्यादा आजहि नव्यानें बांधतां येतात. तंबोऱ्याचा धागाहि दर बैठकीला नव्यानेंच बसवावा लागतो.